अंगुलिमाल आणि ‘लिखितक चोर’ : एका प्रचलित अर्थाची तपासणी

मज्झिमनिकायातील ८६ वे सुत्त, अंगुलिमालसुत्त, आपल्या विहारांतून वर्षावासात हमखास सांगितले जाते. भंडारा जिल्ह्यात, विशेषतः पवनी परिसरात, प्रस्तुत लेखकाने ते अनेकदा ऐकले आहे. निरूपणाचा शेवट बहुधा एकच असतो : चीवर अंगावर आले आणि मागचे सारे पुसले गेले. हा अर्थ ऐकावयास गोड आहे. मूळ पालित मात्र तो सापडत नाही.

राजा पसेनदि पाचशे घोडेस्वार घेऊन दरोडेखोराच्या शोधात निघालेला असतो. तोच मनुष्य भिक्षू झाल्याचे कळताच तो प्रथम घाबरतो, मग त्याच्या मातापित्यांचे गोत्र विचारतो आणि तेथून पुढे त्याला ‘गग्ग मन्तानिपुत्त’ या नावाने संबोधून चीवर-भोजनाची व्यवस्था देऊ करतो. राजदप्तरापुरते प्रकरण येथे मिटले असे म्हणता येईल. परंतु सावत्थीच्या रस्त्यावर त्याच भिक्षूचे डोके फुटते, पात्र फुटते, संघाटी फाटते. भगवान त्याला सहन करावयास सांगतात. लोक विसरतील असे आश्वासन देत नाहीत.

सुत्ताचा खरा गाभा प्रसूतिवेदनांनी तळमळणाऱ्या स्त्रीच्या प्रसंगात आहे. जन्मल्यापासून जाणूनबुजून जीवहिंसा केली नाही, असे सत्यवचन उच्चारण्यास सांगितले असता अंगुलिमाल अडतो, कारण ते असत्य ठरेल. तेव्हा ‘अरिय जातीत जन्मल्यापासून’ असा बदल होतो. हा बदल निरूपणकार घाईने ओलांडतात, हे खेदाने नमूद करावे लागते. मागचे पुसले गेले असते, तर या दुरुस्तीची गरजच नव्हती.

विनयपिटकाचा महावग्गही हेच सांगतो. अंगुलिमालाच्या निमित्ताने कुप्रसिद्ध चोराला प्रव्रज्या देण्यास मनाई झाली. पाठोपाठ ‘लिखितक चोर’ येतो, म्हणजे ज्याचे नाव राजाकडे लिहिलेले आहे असा फरारी. त्यालाही प्रव्रज्या नाही. संघाने राज्याची नोंद खोडण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला नाही. मात्र फटक्यांची शिक्षा भोगलेल्याविषयी अट्ठकथा म्हणते की, जखमा भरून आल्यावर त्याला प्रव्रज्या देता येते. भोगून झालेली शिक्षा जन्मभराचा अडसर नव्हे, हा विवेक त्या काळीही होता.

आपल्या कायद्यात तो अर्धवट उतरला आहे. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाचे कलम १२ परिवीक्षेवर सुटलेल्यास दोषसिद्धीमुळे येणाऱ्या अपात्रतेतून वाचवते, दोषसिद्धी पुसत नाही. शंकर दास खटल्यात (१९८५) सर्वोच्च न्यायालयाने हे कलम बडतर्फीच्या आड येत नाही असे म्हटले, आणि तरीही ती शिक्षा अवाजवी ठरवून त्या कारकुनास नोकरीत परत घेण्यास सांगितले. विधिसंघर्षग्रस्त बालकांसाठी २०१५ च्या अधिनियमाचे कलम २४ अभिलेख नष्ट करण्याची तरतूद करते, तीही काही अपवादांसह. इंग्लंडमध्ये १९७४ च्या कायद्यानुसार ठराविक काळानंतर बऱ्याच दोषसिद्धी गतार्थ मानल्या जातात. आपल्याकडे प्रौढांसाठी तसा सर्वसाधारण कायदा नाही. ही उणीव गंभीर आहे. मारामारीच्या एका प्रकरणाने चाळिशीपर्यंत दारे बंद राहावीत, याचे समर्थन धम्मातही नाही आणि न्यायातही नाही.

परंतु ती उणीव चुकीच्या निरूपणाने भरून निघत नाही. अशाच एका प्रवचनानंतर एका तरुणाने मला बाजूला घेऊन विचारले, “सर, कोर्टाने बाँडवर सोडलं होतं. फॉर्मात ‘शिक्षा झाली आहे काय’ या रकान्यात ‘नाही’ लिहिलं तर चालेल ना? भंतेजी म्हणाले, सगळं पुसलं जातं.” अवतार सिंग खटल्यात (२०१६) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशी माहिती खरीच दिली पाहिजे, क्षुल्लक प्रकरण असल्यास नियुक्तीकर्ता ते नजरेआड करू शकतो, पण लपवणे हेच नोकरी जाण्याचे कारण होऊ शकते. मी त्याला ‘होय’ लिहावयास, त्यापुढे परिवीक्षेचा आदेश व कलम १२ यांचा उल्लेख करावयास आणि आदेशाची प्रत जोडावयास सांगितले. तो नाराज झाला. नंतर त्याने विचारले, अंगुलिमालाने ते वाक्य नेमके कोठे बदलले. आम्ही सुत्त उघडून तो भाग पुन्हा वाचला.