रवीश कुमार आणि मुक्यांचा आवाज

रवीश कुमार यांच्याविषयी आपले कार्यकर्ते जवळजवळ भक्तिभावाने बोलतात. त्याचे कारण मला कळते. २०१७ साली त्यांनी विद्यापीठांच्या दुरवस्थेवर मालिका चालवली, पुढे रखडलेल्या नोकरभरतीवर चालवली. तेव्हा माझ्या वर्गातली मुले आपलीच कैफियत कोणी मांडतो आहे म्हणून ती पाहत. रिकाम्या जागा म्हणजे काय, हे मला कोणी सांगावे लागत नाही. तासिका तत्त्वावर मीही दिवस काढले आहेत.

मोतीहारीकडचा हा माणूस १९९६ मध्ये एनडीटीव्हीत आला आणि आरंभी प्रेक्षकांची पत्रे निवडत होता. पत्र वाचण्याची ती सवय टिकली, हे त्यांचे खरे बळ.

पण त्याच १९९६ च्या नोव्हेंबरात बी. एन. उनियाल यांनी 'पायोनियर'मध्ये लिहिले, की तीस वर्षांच्या पत्रकारितेत आपल्याला एकही दलित पत्रकार भेटला नाही. २०१९ मध्ये रवीश कुमार यांना मॅगसेसे मिळाला, तो आवाज नसलेल्यांना आवाज दिल्याबद्दल. त्याच वर्षी ऑक्सफॅम व न्यूजलाँड्री यांनी पाहणी केली: वृत्तकक्षांतील १२१ नेतृत्वपदांपैकी १०६ सवर्णांकडे, अनुसूचित जाती-जमातींकडे एकही नाही. बाबासाहेबांनी १९२० मध्ये 'मूकनायक' काढला, तो आपल्या वतीने कोणी बोलावे म्हणून नव्हे.

२०१६ च्या फेब्रुवारीत रवीश कुमारांनी पडदा काळा ठेवला, नोव्हेंबरात मूकाभिनय करणारे दोन कलावंत समोर बसवले. दोन्ही कार्यक्रम धाडसाचे होते, मला आवडलेही. परंतु बोलू शकणाऱ्याने मौन धरले की त्याचा निषेध होतो. ज्याच्यापर्यंत माइकच पोचला नाही, त्याच्या मौनाची नोंद कोण घेतो? ते आडनाव लावत नाहीत, हेही चांगलेच. मात्र आमच्या मुलांनी आडनाव गाळले, तर समोरचा गाव विचारतो, मग वस्ती.

वाहिनी अदानी समूहाच्या ताब्यात जाऊ लागली तेव्हा, ३० नोव्हेंबर २०२२ रोजी, त्यांनी राजीनामा दिला. एवढा मोठा आवाज, पण घर भाड्याचेच निघाले! ते यूट्यूबवर गेले आणि प्रेक्षकही मागोमाग गेला, कारण नाव आधीच झाले होते. आपल्या तालुक्यांत अत्याचाराची बातमी मोबाइलवर टिपणारी पोरे आहेत, त्यांचे नाव कुणाला ठाऊक नाही. त्यांचे रिचार्ज कोण भरणार आणि ठाण्यातून बोलावणे आले की सोबत कोण जाणार, हा विषय आपल्या पुढच्या बैठकीत घ्यावा.