बाबेटची पंगत

लूथरपंथीय श्रद्धा माणसाला सुखी करते की उदास, हा प्रश्न कारेन ब्लिक्सन ह्या डॅनिश लेखिकेच्या ‘बाबेट्स फीस्ट’ ह्या कथेच्या मुळाशी आहे. १९५८ च्या तिच्या कथासंग्रहातील ह्या कथेवर गाब्रिएल आक्सेल ह्यांनी १९८७ साली काढलेला चित्रपट ऑस्कर पारितोषिकाचा मानकरी ठरला.

एका उत्तरेकडील खेड्यात दिवंगत पाळकाच्या दोन अविवाहित कन्या राहतात. मार्टिन लूथर व फिलिप मेलांक्थन ह्यांच्यावरून त्यांची नावे मार्टीन आणि फिलिपा. त्यांच्या आश्रयाला आलेली बाबेट कॅथलिक आहे; १८७१ च्या पॅरिस कम्यूनच्या संहारात तिने पती व पुत्र गमावले आहेत. लॉटरीत लाभलेले दहा हजार फ्रँक ती एकाच पंगतीवर खर्चून टाकते. चवीविषयी चकार शब्द काढायचा नाही असे ठरवून बसलेले वृद्ध भाविक जुनी वैरे विसरून उठतात.

सेमिनरीत ही कथा प्रथम वाचली तेव्हा मला तो कॅथलिक आनंदाचा विजय वाटला. ते वाचन उथळ होते. परक्या स्त्रीला घरात घेणाऱ्या, गोरगरिबांना रोज जेवू घालणाऱ्या ह्या बहिणी दुःखी नव्हेत. शिवाय, कृपा अटी घालीत नाही, ही पंगतीतील सेनापतीला झालेली जाणीव तर लूथरच्याच शिकवणुकीचा गाभा! बाबेट त्यांना लूथरपासून तोडत नाही. त्यांच्याच श्रद्धेतील विसरलेला आनंद ताटात वाढते. ह्यात कृपेचा वाटा किती आणि उंची मद्याचा किती, हे लेखिका मिस्कीलपणे झाकून ठेवते. तेच कथेचे बळ.

२०१८ ते २०२५ ह्या काळात जागतिक आनंद अहवालात फिनलंड दरवर्षी पहिला आला. त्याचे श्रेय लूथरला देणे घाईचे ठरेल. तेथे रविवारच्या उपासनेला थोडेच लोक जातात. अहवाल आयुष्याविषयीचे समाधान मोजतो. कथेतील आनंद मात्र क्षमेतून येतो आणि तो मोजता येत नाही.

कृपेने नीतिमान ठरण्याविषयी कॅथलिक व लूथरपंथीयांनी १९९९ साली आउग्सबुर्ग येथे संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’मध्ये ह्याच पंगतीची आठवण काढली. मला मात्र कथा मिटताना आठवतात ती आपल्याच धर्मग्रामातील दोन घरे. बांधावरून अबोला धरलेली ही माणसे दर रविवारी एकाच रांगेत उभी राहून ख्रिस्तशरीर स्वीकारतात आणि वेगवेगळ्या वाटांनी घरी जातात. पंगत आपल्याकडे रोज मांडलेली आहे. उदास कोण, हे आपण ठरवावे.