घट्ट विणीचं कौतुक

मराठी पुस्तकपरीक्षणांत एक वाक्य इतक्या वेळा येतं की आता डोळा त्यावर थांबतही नाही: ‘कथेची वीण घट्ट आहे.’ हे कौतुक असतं. ‘वीण सैल पडली आहे’ ही तक्रार. या लेखात मला या दोन वाक्यांचंच परीक्षण करायचं आहे. कारण ज्या हातांकडून आपण हा शब्द उचलला, त्या हातांसाठी ‘घट्ट’ हा गुण नाहीच. ते एक माप आहे. ते बरोबर की चूक, हे आपण काय विणतोय त्यावर ठरतं.

आधी क्रियापद पाहू. ‘विणणं’ हा एकच शब्द आपण निदान तीन वेगळ्या कामांना वापरतो. मागावर कापड विणतात. तिथे उभे धागे आधीच ताणून बसवलेले असतात आणि आडवा धागा त्यांच्यातून फिरतो. सुयांवर लोकर विणतात. तिथे एकच धागा स्वतःच्याच फाशातून पुढे जातो, म्हणून एक टाका गळला तर खालपर्यंत शिडी पडते. आणि जाळं विणतात. तिथे गाठी आणि त्यांच्यामध्ये मुद्दाम राखलेली मोकळी जागा असते. पावससारख्या गावात या तिघांतलं तिसरं काम सगळ्यात जवळचं. रनपार, पूर्णगड ही मच्छीमारीची ठिकाणं इथून लांब नाहीत. समीक्षा मात्र तिन्ही कामं एकाच पिशवीत टाकते. ‘ताणेबाणे’ मागावरून घेते, ‘वीण’ कुठूनही घेते आणि पुढे विचारत नाही. द. ग. गोडसे यांनी कापडाच्या जगातला ‘पोत’ हा शब्द घेऊन त्याच नावाचं पुस्तक लिहिलं, त्या शब्दाचा कलाविचारात कस लावून पाहिला. ‘वीण’ या शब्दाच्या वाट्याला तेवढी मेहनत आली नाही.

सुयांचं काम जवळून पाहिलं की हा आळस उघडा पडतो. कोकणात थंडी बेताची, तरी बाळंतविड्यात टोपरं, मोजे, छोटा स्वेटर असतोच. तो विणणारी पहिला प्रश्न नक्षीचा विचारत नाही, सुईचा विचारते. आपल्याकडे अजून चालणारे जुने ब्रिटिश नंबर उलटे आहेत: आकडा वाढतो तशी सुई बारीक होते. आठ नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, अकरा नंबर म्हणजे 3. अमेरिकी मोजणीत मात्र आठ नंबर 5 मिलिमीटरचा. इंटरनेटवरचा अमेरिकी नमुना बघून घरातली आठ नंबरची सुई उचलली, तर स्वेटर पहिल्या ओळीपासूनच चुकतो. सुई कशाची आहे, हेही पाहावं लागतं. ॲल्युमिनियमवर टाके भराभर सरकतात, बांबूवर जरा धरून राहतात. म्हणून गुळगुळीत धाग्याला आणि नवशिक्या हाताला बांबू बरा.

पण सुई घेतली म्हणजे निवड संपली असं नाही. आधी छोटा चौकोन विणायचा, धुवायचा, वाळवायचा आणि 10 सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजायचं. समजा 22 टाके बसले आणि घेर 90 सेंटिमीटर हवा आहे. तर 198 टाके घालायचे. तेच 198 टाके जरा जाड सुईवर घातले आणि 10 सेंटिमीटरमध्ये 20 बसायला लागले, तर घेर 99 होतो. बारीक सुईवर 24 बसले, तर साडेब्याऐंशी. धागा तोच, नक्षी तीच, टाके तेवढेच. पण एक स्वेटर अंगावर लोंबतो आणि दुसऱ्यात दंड शिरत नाही. त्यातही खालच्या पट्टीला मुख्य अंगापेक्षा बारीक सुई वापरायची रीत आहे, कारण तिथे धरून ठेवणं हवं आणि वर मोकळेपणा. म्हणजे एकाच चांगल्या स्वेटरात दोन विणी असतात.

हे ध्यानात ठेवून मराठी गद्याकडे पाहा. जी. ए. कुलकर्णींची ‘काजळमाया’ (1972) बारीक सुईवरची आहे. प्रतिमा प्रतिमेला इतकी लागून बसते की वाऱ्याला वाट नाही, आणि त्या कथांना ते हवंच आहे. त्यांतली माणसं कोंडलेली आहेत. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (1963) जाड सुईवरची. डायरी, टवाळी, हॉस्टेलचा रिकामा वेळ, सगळं ऐसपैस. पण मनीच्या मृत्यूशी आल्यावर तोच पांडुरंग सांगवीकर वेगळ्या हाताने बोलतो. टाके एकदम आवळतात. आधीचा सैलपणा नसता तर ही ओढ जाणवली नसती. ‘वीण घट्ट आहे’ किंवा ‘सैल आहे’ असं ‘कोसला’बद्दल एका वाक्यात म्हणणारा परीक्षक पट्टी आणि अंग यांतला फरकच पाहत नाही.

आता पराक्रमांबद्दल. विणकामातही विक्रम असतात आणि ते वाचायला मजा येते. नेदरलँड्सच्या मिरियम टेगेल्स यांनी 2006 मध्ये एका मिनिटात 118 टाके विणले. अमेरिकेच्या डेव्हिड बॅबकॉक यांनी 2013 मध्ये मॅरेथॉन पळता पळता साडेतीन मीटरहून लांब मफलर विणला. चेन्नईत 2016 मध्ये ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटाने 11,148.5 चौरस मीटरचं क्रोशाचं पांघरूण जोडलं. हात, दम आणि संघटना या तिन्हींचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण विक्रम मोजतो ते वेग, लांबी, क्षेत्रफळ. टोपरं बाळाच्या कानांवर नीट बसलं का, हे मोजायला विक्रमाकडे रकाना नाही. आपल्या वाचनातही हेच रकाने शिरलेत: सहाशे पानांची कादंबरी, एका बैठकीत संपवलेलं पुस्तक, वर्षाला शंभर पुस्तकं. हे आकडे पुस्तकाबद्दल काहीच सांगत नाहीत.

पावसचा स्वतःचा साहित्यिक पराक्रम पाहिला तर मुद्दा आणखी स्पष्ट होतो. स्वामी स्वरूपानंद (1903–1974) यांनी ज्ञानेश्वरी अभंगांत आणली. इथल्या मठात येणारे बरेच जण ‘केवढं मोठं काम!’ म्हणतात, म्हणजे पुन्हा आकारच मोजतात. मला तो सुईचा निर्णय वाटतो. ज्ञानेश्वरांची ओवी लवचिक आहे. तिचे चरण अक्षरांच्या संख्येत बांधलेले नाहीत, विचार लांबला तर त्याही लांबतात. अभंगाचे चरण मोजलेले. लोकर तीच ठेवून सुई बदलली की काही मिळतं, काही जातं. मिळतो तो धरायला सोपा ठेका, आजच्या जिभेवर बसणारी मराठी. जाते ती ओवीची मधेच रेंगाळण्याची, दृष्टान्तावर दृष्टान्त रचत जाण्याची सैल चाल. हा तोटा बोलून दाखवला म्हणून श्रद्धेला धक्का लागत नाही. उलट, केलेली निवड दिसते आणि तिची किंमतही.

शेवटी जाळं. घट्ट विणीचं सरसकट कौतुक तिथे तर धोक्याचंच ठरतं. जाळ्याच्या घराला आस म्हणतात. आस किती मोठा ठेवायचा हे कुठली मासळी हवी त्यावरून ठरतं. आस फार बारीक असेल तर न वाढलेली पिल्लंही अडकतात आणि पुढच्या हंगामाची मासळी आजच संपते. म्हणूनच ट्रॉल जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला 40 मिलिमीटरच्या चौकोनी आसाचा नियम आहे. जाळ्याचं कसब काय सोडून द्यायचं यातही असतं.

हे सगळं मी शब्दाच्या हौसेपोटी लिहीत नाही. नव्याने लिहिणाऱ्यांना आज एकच सल्ला मिळतो: कापा, आवळा, पहिल्या ओळीत पकडा. फोनवर वाचणारा थांबत नाही, हे खरं. पण गजालीच्या चालीने, वळणं घेत सांगणारी मुलगी कोकणातून लिहायला लागली आणि तिला ‘वीण सैल’ एवढंच ऐकू आलं, तर ती बारीक सुई उचलेल आणि तिच्या गोष्टीत तिचाच दंड शिरणार नाही. तिला विचारायचा प्रश्न वेगळा आहे: हा सैलपणा कशासाठी? काही निसटू द्यायचंय, की टाका गळलाय? गळलेला टाका दाखवून देणं हे समीक्षकाचं कामच आहे. आणि उसवायला घाबरू नको, असंही तिला सांगावं. लोकरीचं विणलेलं उसवलं तरी धागा हातात शाबूत राहतो.