खुनी कोण, ते राहूनच गेले

आमच्या आत्याबाई डोंबिवलीला विष्णुनगरात राहतात. वय ऐंशीच्या घरात, दृष्टी अधू, पण कान तल्लख. गेल्या दिवाळीत फराळाचे ताट पुढे ठेवता ठेवता त्यांनी मला विचारले, "काय रे, तू एवढ्या कादंबऱ्या लिहितोस, तर सांग. त्या इन्स्पेक्टर ईगलच्या गोष्टीत कंदील घेऊन जिना चढणारा म्हातारा होता ना, खुनी तोच का?" शेवटच्या पाच मिनिटांत नेमके पाहुणे आले होते आणि आत्याबाई चहाचे आधण ठेवायला उठल्या होत्या. तेव्हापासून हा प्रश्न त्यांनी जपून ठेवला होता.

मला वाटले, यात काय अवघड? आठ दिवसांत उत्तर आणून देतो. त्या आठ दिवसांचे आता वर्ष झाले आहे.

'इन्स्पेक्टर ईगल' हा विविध भारतीवरचा हिंदी प्रायोजित कार्यक्रम. मुंबई-पुणे-नागपूर केंद्रांवर 1967 च्या नोव्हेंबरात जाहिराती सुरू झाल्या आणि त्यांच्या मागोमाग असे कार्यक्रम घरात शिरले. विनोद शर्मा यांचा तो दमदार आवाज अजून कित्येकांच्या कानांत आहे. मौज अशी की, ह्या शूर अधिकाऱ्याचे नाव एका थर्मासवरून पडलेले! नायकाचे बारसे प्रायोजकाने करावे, असा योग आमच्या बाबूराव अर्नाळकरांच्या धनंजयाला काही लाभला नाही.

अर्नाळकरांचे नाव निघालेच आहे, तर एक गोष्ट सांगितली पाहिजे. कागदावरच्या रहस्यकथेत लेखक दहा-पंधरा संशयित उभे करू शकतो. वाचक गोंधळला तर चार पाने मागे जातो. श्रोत्याला मागे जाता येत नाही. शिवाय काळोखातले आवाज तीन-चारांहून अधिक झाले की कान त्यांना ओळखेनासा होतो. म्हणजे श्रुतिकेतला खुनी ह्या तिघा-चौघांतच लपवायचा! आणि अधिकाऱ्याच्या मनातला विचार ऐकू येत नसल्यामुळे त्याच्या शेजारी प्रश्न विचारणारा कुणी भोळा माणूस ठेवावाच लागतो. एवढ्या अडचणीत, जाहिराती वजा जाता उरलेल्या मिनिटांत, ज्यांनी माणसांना श्वास रोखून बसवले, त्यांची कामगिरी आपल्या समीक्षेने 'करमणूक' म्हणून बाजूला सारली. मला हा अन्याय वाटतो. पण अन्याय दूर करायचा, तर संहिता हातात हवी. आणि गाडे तिथेच अडते.

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864 चे, ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 चे. अशा संस्थांमुळे फाटका का होईना, 'झुंजार' हाती लागतो. हवेत विरलेल्या आवाजाचे वाचनालय मात्र आपल्याकडे गावोगावी कुणी काढले नाही. 1935 साली निघालेल्या आणि 1958 मध्ये 'आकाशवाणी' हे नाव घेतलेल्या 'इंडियन लिसनर'च्या जुन्या अंकांतून कार्यक्रमाची वेळ कळते, नाव कळते; खुनी कळत नाही. फीत महाग, म्हणून एकदा वाजवलेली पुसायची आणि तीवर नवे काही मुद्रित करायचे, ही रीत सगळीकडेच होती. बीबीसीच्याही 'पॉल टेंपल' ह्या गुप्तहेराच्या कित्येक मालिका अशाच गेल्या. परंतु तिथे फ्रान्सिस डरब्रिज यांच्या संहिता शाबूत होत्या. त्यांवरून 2006 पासून हरवलेल्या काही मालिका नव्या नटांकडून पुन्हा करून घेण्यात आल्या. आवाज गेला तरी कागद राहिला होता. आपल्याकडे श्रुतिका लिहिणाऱ्याने कागद केंद्राला दिला, मानधन घेतले, आणि बहुतेकदा नक्कलही ठेवली नाही.

शेवटी कल्याणच्या एका सद्गृहस्थांकडे कॅसेटींनी भरलेली पत्र्याची पेटी निघाली. रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून हे सारे भरलेले. मधूनमधून कुकरच्या शिट्ट्या. त्यांत एक मराठी श्रुतिका सापडली. जिना होता, कंदील होता, म्हातारा होता! ईगलचा मात्र पत्ता नव्हता. दोन भाषांतल्या दोन गोष्टी आत्याबाईंच्या मनात केव्हाच एक झाल्या होत्या.

श्रुतिका कशी होती म्हणाल, तर दार चार वेळा करकरते, ते दोनदा करकरले असते तर बरे झाले असते. पोलिसांचे संवाद पुस्तकी आहेत. पण जिन्यावरची पावले सातव्या पायरीवर थांबतात आणि नंतर काहीच ऐकू येत नाही, ती शांतता लिहिणाऱ्याला मी हात जोडतो. आम्ही कादंबरीकार तिथे दोन पाने वर्णन केले असते.

टेप आत्याबाईंपुढे लावली. सातव्या पायरीला त्यांनी माझा हात धरला. म्हातारा दारापाशी आला, कुणीतरी "तुम्ही?" म्हणाले, आणि खट्‌ करून फीत संपली.

"दुसरी बाजू लाव," आत्याबाई म्हणाल्या.

दुसऱ्या बाजूला कुणाच्या तरी लग्नातल्या मंगलाष्टका होत्या. आत्याबाईंनी त्याही शेवटपर्यंत ऐकल्या.