पांडव, हेमाडपंत आणि स्थलदर्शनाची पुस्तके

महाराष्ट्रातील लेणी, देवळे, घाटवाटा व किल्ले यांचे दर्शन घडविणारे लेखन अलीकडे विपुल प्रसिद्ध होत आहे. एके काळी संशोधक आणि गुराखी यांवाचून जेथे कोणी फिरकत नसे, तेथे आता तरुण मंडळी थव्याथव्याने जातात आणि हाती एखादे मार्गदर्शक पुस्तक बाळगतात. इतिहासाविषयी आस्था बाळगणाऱ्या कोणासही यात समाधानच वाटेल. वाट कोठून धरावी, पाणी कोठे मिळेल, मुक्काम कोठे करावा, ही माहिती या पुस्तकांत बहुधा चोख असते, व तिच्याबद्दल आम्ही लेखकांचे ऋण मान्य करतो.

तथापि या लेखनात एक दोष इतका सार्वत्रिक झाला आहे, की त्याचे परीक्षण करणे आम्हांस अगत्याचे वाटते. दोष एका व्यक्तीचा नसून प्रघाताचा असल्यामुळे येथे कोणत्याही ग्रंथाचे वा ग्रंथकाराचे नाव घेतलेले नाही. दोष असा, की वाचक वास्तूपर्यंत पोहोचतो न पोहोचतो तोच लेखक तिला एक तयार नाव देऊन मोकळा होतो. लेणे असेल तर ते पांडवांचे, चुन्यावाचून रचलेले दगडी देऊळ असेल तर ते हेमाडपंती. स्वतः वास्तूने आपल्याविषयी काही लिहून ठेवले आहे काय, हा प्रश्न उपस्थितच होत नाही. वस्तुतः या प्रांतातील पुष्कळ वास्तू मुक्या नाहीत. त्या बोलत असता ऐकीव गोष्ट त्यांच्या मुखी घालणे हे आमच्या मते सौम्य भाषेतही अन्यायाचे आहे.

प्रथम हेमाडपंतांचे पाहू. हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप. महादेव आणि रामचंद्र या दोन राजांच्या पदरी त्याने काम केले. महादेवाची कारकीर्द इ. स. १२६१ च्या सुमारास सुरू होते, व रामचंद्राच्या शके ११९४ च्या ठाणे ताम्रपटात हेमाद्रीच्या अधिकाराचा उल्लेख आहे. म्हणजे त्याचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध होय. आता अंबरनाथचे देऊळ घ्यावे. उत्तरेकडील दाराच्या तुळईवर जो लेख आहे, तो उत्तर कोकणच्या शिलाहार मुम्मुणीच्या वेळचा आहे. त्याचा शक डॉ. भाऊ दाजी यांनी प्रथम ७८२ असा वाचला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो ९८२ असा सुधारला, आणि तेच वाचन आज ग्राह्य मानले जाते. शके ९८२ म्हणजे इ. स. १०६०. हेमाद्रीच्या अधिकारकाळापूर्वी दोनशे वर्षे उभे असलेले हे देऊळ हेमाडपंती कसे होते, हे कोडे आमच्याने सुटत नाही.

उदाहरण एकच नव्हे. चाळीसगावानजीक पाटणे येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठासंबंधीचा लेख शके ११२८ चा आहे, आणि त्या परिसरातील निकुंभांचे महेश्वराचे देऊळ त्याहूनही जुने आहे. खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या देवळात यादव सिंघणाचा लेख आहे. सिंघण हा महादेवाचा आजा. ही सर्व बांधकामे हेमाद्रीच्या अगोदरची असून हेमाडपंती या एकाच पोत्यात भरली गेली आहेत. यांतील काही शिलाहारांची, काही निकुंभांची, काही यादवांची. कोणाचा तलविन्यास तारकाकृती तर कोणाचा चौरस. अंबरनाथ, सिन्नरचा गोंदेश्वर यांसारख्या देवळांचे शिखर ज्या भूमिज पद्धतीचे आहे, तिचा संबंध माळव्याशी पोहोचतो. हे सगळे भेद एका शब्दाने पुसले जातात. चुन्यावाचून घडीव दगड एकमेकांत बसविणे ही तर हेमाद्रीची युक्ती नव्हेच. ती त्याच्या कित्येक शतके अगोदरपासून या देशात चालत आली होती.

ही चूक दाखविण्याचा मान आमच्याकडे येत नाही. हेन्री कझिन्स यांचा दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवरील ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यानंतरच्या संशोधकांनीही हा विषय पुरेसा उकलला आहे. इतके होऊनही लोकप्रिय लेखनात हा शब्द जसाच्या तसा राहावा, याचे कारण शोधले पाहिजे. आम्हांस ते असे दिसते, की या शब्दाने लेखकाची सोय होते. देवळाचा काळ, कर्ता, शैली व आश्रयदाता अशा चार प्रश्नांची उत्तरे एका शब्दात दिल्यासारखे होते आणि प्रत्यक्षात एकाचेही दिले जात नाही. लोकसमजुतीने तर या कर्तबगार पुरुषाच्या खाती मोडी लिपी आणि बाजरीदेखील जमा केली आहे. त्याने खरोखर मागे ठेवले ते ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हे धर्मशास्त्राचे अवाढव्य भांडार, आणि त्यातील व्रतखंडाच्या आरंभीची यादवांची राजप्रशस्ती. डॉ. रा. गो. भांडारकर यांनी दख्खनच्या इतिहासात यादवांची वंशावळ जुळविताना या प्रशस्तीचा उपयोग केला. इतिहासावरील हेमाद्रीचा हा उपकार मात्र स्थलदर्शनाच्या पुस्तकांतून सहसा आढळत नाही.

आता पांडवांकडे वळू. नाशिकच्या दक्षिणेस डोंगराच्या कुशीत जी चोवीस लेणी आहेत, त्यांस पांडवलेणी म्हणतात. या डोंगराचे जुने नाव तेथील लेखांतच कोरलेले आहे: तिरण्हु, म्हणजे त्रिरश्मी. येथे येणाऱ्या प्रवाशास पुस्तक सांगते, की पांडव वनवासात येथे राहिले. फार तर, ही लेणी बौद्धांची आहेत, असे एक वाक्य जोडलेले असते. मग मूर्तींची गणती, पायऱ्यांची गणती, आणि शहराचे विहंगम दृश्य. प्रवासी खाली उतरतो. आपण काय न पाहता उतरलो, हे त्यास कळत नाही. म्हणून ते येथे किंचित विस्ताराने सांगतो.

दहाव्या लेण्यात क्षहरात नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्यांपैकी एकात बेचाळिसाव्या वर्षीच्या दानाचा हिशेब आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे मिळून ३००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले: एकीकडे २०००, व्याज दरमहा दरशेकडा एक, दुसरीकडे १०००, व्याज दरमहा दरशेकडा पाऊण. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळावयाचे. वाचकाने स्वतः गणित करून पाहावे. २००० वर वर्षाचे व्याज २४० होते, आणि वीस भिक्षूंस प्रत्येकी बारा म्हणजेही २४०. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा हा हिशेब कार्षापणापर्यंत जुळतो. गोवर्धनच्या विणकरांवर राजाच्या जावयाने विश्वास टाकावा, अशी त्यांची पत होती, ही गोष्ट कोणत्याही वनवासकथेपेक्षा कमी रोचक आहे काय?

त्याच रांगेत थोडे अंतर चालून गेले, की तिसरे लेणे लागते. ते सातवाहनांचे. दर्शनी खांबांची घडण पाहिली म्हणजे शत्रूच्या लेण्याचा कित्ता येथे गिरविला आहे, हे ध्यानात येते. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी त्याची आजी गौतमी बलश्री हिने हे लेणे भिक्षुसंघास अर्पण केले, आणि आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याने क्षहरातांचा वंश निःशेष केला, हे अभिमानाने कोरून ठेवले. ओसरीत खुद्द गौतमीपुत्राची आज्ञापत्रे आहेत. अठराव्या वर्षीच्या पत्रात, आजवर उषवदाताच्या भोगवट्यात असलेले दोनशे निवर्तनांचे शेत तो या डोंगरावरील भिक्षूंस देतो. सहा वर्षांनी राजा आणि राजमाता यांच्या नावे दुसरे पत्र निघते: ते शेत कसले जात नाही, गावही वसलेले नाही, सबब नगराच्या हद्दीवरील राजकीय शेतातून शंभर निवर्तने द्यावीत. युद्धानंतर उजाड पडलेले गाव या दोन पत्रांतून डोळ्यांसमोर उभे राहते. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांतील नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला होता. लेण्यातील दोन खोल्यांमधले भांडण असे नाण्यावरही उमटले आहे. हे सांगण्यास पुस्तकाची दोन पाने पुरतात. ती दोन पाने आम्हांस क्वचितच आढळली.

नाणेघाटाची गत निराळी नाही. तेथील दगडी रांजण जकातीचा, हे प्रत्येकास ठाऊक असते. घाट व्यापारी मार्गावर असल्याने जकात घेतली जात असणे संभवनीयच आहे. पण शेजारच्या गुहेतील नागनिकेचा म्हणून प्रसिद्ध असलेला प्रदीर्घ लेख यज्ञांची व दक्षिणांची यादी देतो, जकातीविषयी काही बोलत नाही. मागील भिंतीवर सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. त्या नष्ट झाल्या. वरची नावे तेवढी उरली. रांजणाजवळ गर्दी आणि नावांजवळ शुकशुकाट, याचा काही दोष लेखकांकडेही जातो.

येथे एक आक्षेप संभवतो, व तो आम्हांस मान्य आहे. लोकांनी दिलेली नावे हाही इतिहासच होय. बौद्ध लेण्यांस पांडवांचे नाव केव्हा तरी लागले, याचा अर्थ मूळ स्मृती मध्यंतरी लोपली आणि लोकांनी त्या जागेशी नवे नाते जोडले. वेरूळच्या एका लेण्यास दोन ताल म्हणत; १८७६ साली खालचा गाडलेला मजला मोकळा झाला, मजले तीन ठरले, तरी नाव दोन तालच राहिले. अशी नावे पुसून टाकावीत, असे आम्ही म्हणत नाही. लोक असे म्हणतात आणि दगड असे म्हणतो, ही दोन वाक्ये वेगवेगळी लिहावीत, एवढेच आमचे म्हणणे आहे.

या आग्रहास पांडित्याचा हट्ट समजू नये. त्यामागे व्यावहारिक कारण आहे. अंबरनाथ, पांडवलेणी, गोंदेश्वर यांस कायद्याने संरक्षण आहे. परंतु १९५८ चा केंद्राचा अधिनियम व १९६० चा राज्याचा अधिनियम यांच्या यादीत न बसलेली देवळे, वीरगळ आणि शिलालेख खेडोपाडी असंख्य आहेत. त्यांचे रक्षण गावाच्या मतावर अवलंबून असते, आणि ते मत अशाच पुस्तकांवरून बनते. आपले देऊळ शेकडो हेमाडपंती देवळांपैकी एक आहे, एवढेच ज्या गावास ठाऊक, ते जीर्णोद्धाराच्या उत्साहात खांबांस ऑइलपेंट देते, उंबरठ्यावर फरशी बसविते, आणि तिच्याखाली अक्षरे गेली तरी हळहळत नाही. उलट, आपल्या दारच्या दगडावर अमुक शकाचा लेख आहे, त्यात आपल्याच गावचे जुने नाव आहे, हे ज्यास कळले, ते त्या दगडावर रंगाचा हात फिरविण्यापूर्वी चार ठिकाणी विचारील. अक्षर एकदा गेले म्हणजे पुढे कितीही विद्वान जन्मले तरी ते परत येत नाही.

सबब स्थलदर्शनाची पुस्तके लिहिणाऱ्यांस आमची विनंती आहे. प्रत्येक स्थळी लेख आहे की नाही, असल्यास तो नेमका कोठे आहे आणि त्यात काय म्हटले आहे, हे वाटेच्या व पाण्याच्या माहितीइतक्याच चोखपणे द्यावे. लेख नसल्यास तसे सांगावे, आणि काळाचा अंदाज कशावरून बांधला, ते एका ओळीत लिहावे. या ज्यादा मजकुराने पुस्तकाची चार पाने वाढतील. वाचक मात्र त्रिरश्मीवरून उतरताना गोवर्धनच्या विणकरांचा हिशेब सोबत घेऊन उतरेल.