जबड्याची पुनर्रचना: अचूकता कशाशी मोजली?

कर्करोगामुळे काढलेल्या खालच्या जबड्याच्या जागी पायातील फिब्युला हाड बसवण्याची पद्धत हिडाल्गो यांनी १९८९ मध्ये मांडली. हे हाड नजरेच्या अंदाजाने कापावे, की सीटी स्कॅनवरून संगणकाने आखलेल्या कटिंग गाइडने? गाइडमुळे हाडाचा रक्तपुरवठा खंडित राहण्याचा काळ कमी होतो, हा खरा लाभ आहे. मात्र ‘अचूकता’ म्हणजे संगणकी आराखड्याशी जुळणे असे धरले, तर तुलना एकतर्फी होते. मुक्तहस्त शल्यचिकित्सकाने तो आराखडा पाळलेलाच नसतो. शिवाय स्कॅननंतर गाठ वाढली, तर तयार गाइड निकामी ठरू शकते. म्हणून असे अभ्यास वाचताना दात जुळले का, रुग्णाला चावता येते का, याची नोंद आधी शोधावी.