मोड आणि नग : जुन्या सुतारी हत्यारांच्या व्यापारातील शब्दव्यवहार

जुन्या वस्तूंच्या व्यापाराचा विचार अर्थशास्त्राच्या अंगाने होतो, संग्राहकांच्या हौशीच्या अंगानेही होतो. त्या व्यापारातील शब्दांकडे मात्र भाषाभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. मुंबईच्या उपनगरांत या अभ्यासास पुष्कळ सामग्री आहे. कुर्ल्याहून घाटकोपर, भांडुप व मुलुंडकडे जाणाऱ्या लालबहादूर शास्त्री मार्गाच्या, म्हणजे पूर्वीच्या आग्रा रोडच्या, दोन्ही अंगांस एके काळी कारखान्यांची रांग होती. त्यांतील बरेच विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत बंद पडले, आणि त्यांच्या सुतारशाळांतील सामान भंगाराच्या दुकानांत आले. जुन्या इमारती पाडून नव्या उभारण्याचा जो क्रम अंधेरी-बोरिवलीकडे चालू आहे, त्यातूनही निवृत्त सुतारांच्या घरच्या पेट्या बाहेर पडतात. मटण स्ट्रीटचा प्रसिद्ध चोर बाजार दक्षिणेस राहिला. उपनगरांतील माल प्रथम साकीनाका-कुर्ला भागातील भंगारवाल्याच्या काट्यावर चढतो, व त्यातील निवडक जोगेश्वरीजवळच्या ओशिवऱ्यातील जुन्या फर्निचरच्या बाजारासारख्या ठिकाणी पुन्हा विक्रीस येतो.

या दोन ठिकाणी एकाच रंध्याची विक्री दोन निराळ्या मापांनी होते. काट्यावर तो वजनाने जातो; त्याला 'मोड' म्हणतात. पुढच्या दुकानात तो मोजणीने जातो. तेथे तो 'नग' होतो. या दोन विक्रींच्या दरम्यान रंध्यात पुष्कळदा काहीही फरक पडलेला नसतो. फरक पडतो तो त्याच्या वर्णनात.

'मोड' हा शब्द येथे अत्यंत अन्वर्थक आहे. सोनाराकडे दागिना मोडतात, मोठी नोट मोडून सुटे पैसे घेतात, निकामी यंत्र मोडीत काढतात. या सर्व प्रयोगांत आकाराचा लोप होऊन द्रव्य शिल्लक राहते, व जे शिल्लक राहते त्याचेच मोल होते. मोडीत गेलेली पटाशी ही व्यवहाराच्या दृष्टीने पटाशी उरत नाही. ते अमुक इतके पोलाद असते. उलट 'नग' ठरण्यासाठी वस्तूला आकार असून भागत नाही, तो आकार कोणीतरी नाव घेऊन ओळखावा लागतो. ज्या हत्यारास विकणाऱ्याच्या तोंडी नाव नाही, ते नग होऊ शकत नाही.

दुकानदाराच्या तोंडी जी नावे आहेत ती 'अँटिक', 'विंटेज', 'ब्रिटिशकालीन', 'ओरिजिनल' ही होत. मराठीतील 'जुना' हे विशेषण या कामी अपुरे पडते हे खरे. जुना म्हणजे वापरलेला, जुना म्हणजे झिजलेला आणि जुना म्हणजे पूर्वकालीन, हे तिन्ही अर्थ त्यात एकत्र नांदतात, आणि ग्राहकाला तिसरा अर्थ हवा असतो तेव्हा विक्रेत्याला पहिले दोन झाकावे लागतात. तथापि उसन्या घेतलेल्या शब्दांनी ही संदिग्धता दूर झाली असे म्हणता येत नाही. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमाप्रमाणे पुरावस्तू ठरण्यासाठी सामान्यतः किमान शंभर वर्षांचे वय लागते. दुकानातील 'अँटिक'चा या शंभर वर्षांशी काहीही संबंध नसतो. 'ब्रिटिशकालीन' हा तर कालवाचक शब्द राहिलेलाच नाही. तो गुणवाचक झाला आहे, आणि जड, टिकाऊ व परदेशी अशा कोणत्याही लोखंडी वस्तूस तो लावला जातो.

वास्तविक काही हत्यारांवर त्यांचा काळ कोरलेलाच असतो. प्रश्न तो वाचता येण्याचा आहे. अमेरिकेतील स्टॅनले कंपनीने लेनर्ड बेली याच्या रंध्यांचे हक्क १८६९ मध्ये विकत घेतले. त्या घराण्यातील चार नंबरचा रंधा सुमारे नऊ इंच लांबीचा व पाच नंबरचा सुमारे चौदा इंचांचा. शेफील्डच्या 'रेकॉर्ड' कंपनीने पुढे तेच आकडे आधी शून्य लावून उचलले. स्टॅनलेच्या कित्येक रंध्यांच्या ओतीव तळावर, पात्याला आधार देणाऱ्या भागामागे, पेटंटचे दिनांक उठवलेले आढळतात : २५ मार्च १९०२, १९ ऑगस्ट १९०२, १९ एप्रिल १९१०. विक्रेता यांतील पहिला दिनांक वाचतो व रंधा '१९०२ चा' म्हणून सांगतो. हस्तलिखितांशी ज्यांचा परिचय आहे त्यांना ही चूक नवी नाही. पेटंटचा दिनांक ही केवळ पूर्वसीमा होय. ज्यावर १९१० चा दिनांक आहे तो रंधा १९१० पूर्वीचा असू शकत नाही, एवढेच त्यावरून सिद्ध होते. तो त्यानंतर किती वर्षांनी ओतला गेला हे इतर खुणांवरून ठरवावे लागते. रेल्वेच्या शिक्क्यांचे याच्या उलट आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वेत विलीन झाली. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा समावेश त्याच दिवशी पश्चिम रेल्वेत झाला. तेव्हा 'जी. आय. पी.' असा ठसा असलेली पटाशी त्या दिनांकाच्या पूर्वीची मानण्यास चांगला आधार आहे. हा ठसा पुष्कळदा खरेदीदाराला डाग वाटतो, आणि तो घासून काढण्याची तयारी विक्रेता दाखवतो!

येथे या व्यापाराचा मुख्य दोष दिसून येतो. तो ओतीव अक्षरे वाचतो, चुकीची का होईना. जे अक्षरांवाचून आहे ते त्याला वाचताच येत नाही. गावच्या लोहाराने घडवलेला वाकस, बाभळीच्या दांड्याचा. किंवा जमिनीवर बसून, पायांनी लाकूड धरून काम करणाऱ्या सुताराचा लाकडी रंधा, ज्याचे पाते पाचरीने आवळलेले असते. यांवर ना कंपनीचे नाव, ना आकडा, ना दिनांक. परिणामी वाकस वजनाने जातो आणि लाकडी रंधा फार तर दिवाणखान्यातील शोभेची वस्तू म्हणून. परदेशी हत्यार कागदपत्रे घेऊन आले आहे. देशी हत्याराची साक्ष त्याच्या आकारात व सुताराच्या शब्दांत आहे, आणि त्या शब्दांना बाजारात प्रवेश नाही.

या कामी कोशांनी मदत करावयास हवी होती. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात निघाला. सुतारकीच्या शब्दांचा संग्रह या कोशकारांनी आस्थेने केला यात शंका नाही. दोष संग्रहाचा नाही, अर्थनिर्णयाच्या पद्धतीचा आहे. 'सुताराचे एक हत्यार' या धर्तीच्या अर्थाने शब्दाची जात कळते, वस्तू ओळखता येत नाही. पटाशी व किकरे या दोहोंना छिन्नी म्हटले की काम संपले असे कोशाला वाटते. सुताराच्या दृष्टीने पटाशी रुंद व पातळ, सपाटीसाठी व कडा साफ करण्यासाठी. किकरे अरुंद व जाड, कारण कुसवासाठी खाच खोदताना ते उचकटावे लागते आणि पातळ पाते त्या ताणाने मोडेल. हा भेद ज्याला ठाऊक नाही त्याच्या हाती किकरे आले म्हणजे त्याला ती झिजून अरुंद झालेली पटाशी वाटते, व तो ती मोडीत घालतो.

व्युत्पत्तीच्या बाजूनेही हा शब्दसमूह रसपूर्ण आहे. करवत हा संस्कृत करपत्रापासूनचा. रंधा फारसी 'रंदा'चा वंशज. हिंदीने मूळचा द राखला, मराठीने त्याचा ध केला. काटकोन तपासण्याचा गुण्या फारसीतील 'गूनिया'तून आला, व त्याच्या मुळाशी कोनवाचक ग्रीक शब्द आहे. गिरमिट हे इंग्रजीतील 'गिम्लेट'. मळ्यांवर नेलेल्या गिरमिटियांचे गिरमिट निराळे, ते 'ॲग्रीमेंट'पासून झाले. (दोन्ही शब्द एकाच साच्यात कसे बसले हा स्वतंत्र निबंधाचा विषय होईल.) सांगावयाचे ते इतकेच की परकीय हत्यारास स्वतःचे नाव देण्याची शक्ती या धंद्याच्या मराठीत शतकानुशतके होती. आज दुकानात 'विंटेज प्लेन' म्हणतात तेव्हा मराठीत शब्द नाही म्हणून म्हणतात असे नव्हे. 'रंधा' म्हटले तर ग्राहक कमी पैसे देईल, म्हणून म्हणतात.

सुताराच्या परिभाषेतील सर्वांत मोलाचा शब्द 'पाणी' हा होय. पोलाद तापवून, विझवून, पुन्हा बेताने तापवून त्याला जो कणखरपणा आणतात ते पाणी. जुने पाते घेताना जाणता सुतार नाव पाहण्यापूर्वी पाणी पाहतो. निसण्यावर चार हात फिरवून धार कशी धरते हे अजमावतो, आणि पाते अजून किती लांब उरले आहे ते पाहतो. 'ओरिजिनल' या शब्दाने यांपैकी काहीच कळत नाही. शिवाय माल देखणा करण्यासाठी विक्रेता तो विजेवरच्या सहाणेवर धरतो. कड तापून निळी पडते, आणि पाणी उतरते. पाते आरशासारखे चकाकते, पण पहिल्याच सागवानी फळीवर त्याची धार जाते. मुठीवर जुन्या मालकाने कोरलेली आद्याक्षरेही याच साफसफाईत नाहीशी होतात. नग म्हणून किंमत वाढवण्यासाठी केलेली ही खटपट हत्याराला, कामाच्या दृष्टीने, मोडीच्या जवळ नेते.

यावर असे म्हणता येईल की या दुकानदारांनी हा माल उचलला नसता तर तो भट्टीत वितळला असता. आक्षेप रास्त आहे. शेकडो हत्यारे केवळ या व्यापारामुळे शिल्लक आहेत, आणि ती विकत घेऊन पुन्हा कामास लावणारे नवे हौशी सुतारही उपनगरांत आहेत. परंतु पेटी प्रथम विकणारा कोण, हेही पाहिले पाहिजे. दसऱ्याला ज्या हत्यारांवर हळदकुंकू वाहिले जाई, ती विकावयास सुताराची मुले सहसा नाखूश असतात. घर रिकामे करण्याची वेळ आली म्हणजे विकतात. वडिलांच्या तोंडचे 'किकरे', 'सामता', 'वाकस' हे शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचलेले नसतात आणि 'विंटेज'ही त्यांच्या कानी नसते. म्हणून त्यांची पेटी काट्यावर चढते, आणि दोन किमतींमधील सगळे अंतर पुढच्या दुकानात जमा होते.

शब्दसंग्रहाचे काम हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याने यासाठी वृद्ध सुताराला घरी गाठून शब्दांची यादी वदवून घेण्यावर थांबू नये. त्याला सोबत घेऊन भंगाराच्या ढिगापुढे बसावे, प्रत्येक वस्तू त्याच्या हाती द्यावी, व तो तिला काय म्हणतो, ती कशी धरतो आणि काय पाहून बाजूला ठेवतो, याची नोंद करावी. पात्याची रुंदी, जाडी आणि उरलेली लांबी त्याच नोंदीत, नावाशेजारी, मापून लिहावी.